बिऱ्हाड: बैलाच्या पाठीवरून सायकलच्या दांडीवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. विंचवाची मादी आपली पिले पाठीवर घेऊन हिंडते, एवढ्या साध्या निरीक्षणातून ही म्हण जन्मली असावी. मराठीत ती वापरली जाते मात्र एका विशिष्ट सुरात. ज्याला ठावठिकाणा नाही, ज्याला पोटासाठी वारंवार गाव सोडावे लागते, अशा माणसाविषयी बोलताना ती ओठांवर येते. तिच्यात कीव असते आणि कधीकधी संशयाची एक बारीक छटाही असते. अलीकडे मात्र या पाठीवरच्या बिऱ्हाडाला नवीच प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. सायकलला लहान लहान पिशव्या बांधून, त्यांत तंबू, अंथरूण, पाणी, शिधा आणि हत्यारे असा चार-आठ दिवसांचा संसार भरून, हमरस्ते टाळत रानवाटांनी जाणारा प्रवासी आता महाराष्ट्रात नवलाचा राहिलेला नाही. या प्रकाराला 'बाइकपॅकिंग' असे नाव आहे, त्याची खास दुकाने आहेत आणि 'कोणती वस्तू कोठे बांधावी' याचे शास्त्रही तयार झाले आहे.

हे शास्त्र आम्हांला मनापासून आवडते. आमची तक्रार आहे ती त्याच्या सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाविषयी. तो इतिहास अमेरिकेत सुरू होतो आणि तेथेच संपतो. 'बाइकपॅकिंग' हा शब्द रूढ होण्याचे श्रेय बहुधा 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मे १९७३ च्या अंकाला दिले जाते. अलास्का आणि कॅनडातून केलेल्या सायकलप्रवासाचा डॅन बर्डन यांचा लेख त्या अंकात होता आणि त्याच्या शीर्षकात हा शब्द होता. पुढे अलास्कातील बर्फावरच्या शर्यती आल्या, रॉकी पर्वतरांगेतून जाणारे लांब मार्ग आखले गेले आणि धातूच्या कॅरिअरऐवजी थेट सायकलच्या सांगाड्याला बांधायच्या पिशव्या शिवणारे कारागीर पुढे आले. हे सगळे खरे आहे. पण वाहत्या ओझ्याची विद्या एवढीच नाही. ती आपल्याकडेही होती, जुनी होती, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर ती एका संपूर्ण समाजाची ओळख होती.

आधी ती विद्या काय आहे ते पाहू. सायकलवर सामान बांधण्याची सूत्रे तीन-चारच आहेत. जड वस्तू खाली आणि मध्यभागी हवी, म्हणून पाणी, हत्यारे आणि धान्य दांडीखालच्या त्रिकोणात जाते. हलकी पण फुगीर वस्तू हँडलला आडवी बांधायची, म्हणून अंथरुणाची वळकटी पुढे. कपडे सीटखालच्या निमुळत्या पिशवीत. दिवसभरात वारंवार लागणारी वस्तू हाताशी आणि क्वचित लागणारी तळाशी. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे, आणि काहीही हलता कामा नये. हलणारे ओझे स्थिर ओझ्यापेक्षा जड लागते, हे ज्याने कधी सैल बांधलेले गाठोडे वाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या तालुक्यांत फिरणाऱ्याला गावाच्या नावापुढे 'तांडा' हा शब्द जागोजागी भेटतो. आज तांडा म्हणजे पक्की वस्ती: शाळा, सेवालाल महाराजांचे मंदिर, कपाशीची आणि सोयाबीनची शेते. मुळात तांडा म्हणजे चालता काफिला. बंजारा किंवा लमाण समाज शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हिंदुस्थानभर फिरत होता. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला असे मानले जाते. म्हणजे ओझ्यातल्या मालानेच या समाजाला नाव दिले. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. त्याच शतकातल्या ताव्हेर्निए या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहिले. एकेका बैलावर तीनशे ते साडेतीनशे फ्रेंच पौंडांचे, म्हणजे साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलोचे ओझे असते, असे त्याने नोंदवले आहे.

दीडशे किलोचे ओझे बैलाच्या पाठीवर कसे टिकते? त्याचे उत्तर 'गोणी' या शब्दात आहे. गोणी ही बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना लोंबती टाकायची. दोन्ही अंगांना माल सारखा भरला, तर ती आपल्याच वजनाने तोल सांभाळते. एका बाजूला शेर-दोन शेर धान्य जास्त झाले की गोणी त्या बाजूला सरकते, बैलाच्या पाठीला घसट लागते, जखम होते, आणि जखमी बैल म्हणजे त्या मुक्कामावरच थांबलेला माल. तोल हा तांड्याच्या जगण्याचा प्रश्न होता. रात्री मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांची भिंत रचत, आणि भिंतीच्या आत माणसे निजत. माल हाच आडोसा झाला. आजचा सायकलप्रवासी जेव्हा कपड्यांची पिशवी रात्री उशाला घेतो, तेव्हा तो याच शहाणपणाची फार छोटी आवृत्ती गिरवत असतो. इंग्रजीत तागाच्या पोत्याला 'गनी बॅग' म्हणतात, तो 'गनी' आपल्या गोणीवरूनच गेला. ओझी वाहणाऱ्यांनी शब्दही वाहिले, ते असे.

या विद्येची किंमत राज्यकर्त्यांना चांगली ठाऊक होती. मोगलांच्या फौजा असोत, मराठ्यांच्या असोत की इंग्रजांच्या, दाणागोटा बंजाऱ्यांच्या बैलांवरून येई. १८०३ साली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे जे निर्णायक युद्ध झाले, त्या मोहिमेत वेलस्लीची भिस्त बंजाऱ्यांच्या पुरवठ्यावर होती. १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात बंजाऱ्यांचा इतिहास आणि चालीरीती यांवर स्वतंत्र निबंध लिहिला, तोही ही गरज ताजी असताना.

गरज संपली आणि दृष्टी पालटली. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी धावली. १८६७ साली रूळ नागपूरपर्यंत पोहोचले. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि तो कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोहोचवण्याची घाई होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आली. पुढे लोक तिला 'शकुंतला' म्हणू लागले. रुळांजवळच्या बाजारापर्यंत कापूस बंडीने यायचा आणि तेथून डब्यात भरला जायचा. बैलाच्या पाठीवरच्या गोणीला आता जागा उरली नाही.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे १९११ आणि १९२४ साली त्याची व्याप्ती वाढली आणि हिंडून पोट भरणाऱ्या कितीतरी समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. अनेक भागांतले बंजारा गटही त्यात आले. ज्यांच्या पाठीवर कालपर्यंत फौजेचा शिधा होता, त्यांचे चालणेच आता संशयास्पद ठरले. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. पुसदजवळच्या गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांडा स्थिरावला, शेतीत रुजला, राज्यकारभारातही पोहोचला. पण ओझ्याची ती विद्या मात्र कुणी कागदावर उतरवून घेतली नाही. बैलावर लदणी कशी करावी याची मराठीतली पोथी आम्हांला माहीत नाही.

बैलाची जागा खेड्यापाड्यांत पुढे सायकलने घेतली. ती एका दिवसात घेतली नाही, आणि सर्वांसाठी घेतली असेही नाही. आरंभी सायकल ही विलायती वस्तू होती आणि साहेबाच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या दारात उभी असे. स्वातंत्र्यानंतर ती देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियान्याला हीरो हे कारखाने निघाले आणि काळी, उंच, जाड दांडीची सायकल भारतभर एकाच साच्यात फिरू लागली. तिचा आराखडा इंग्लंडातल्या रोडस्टरचा होता, पण तिचे चारित्र्य येथे घडले. इंग्रज कारकुनाला कचेरीत नेण्यासाठी आखलेली ही गाडी आपल्याकडे पोती, घागरी, कडबा, लाकडे आणि चार माणसांचे कुटुंब वाहू लागली.

तिच्यावर कोणी काय आणि कसे बांधले, याची नुसती यादी केली तरी एक लहानसा सामाजिक इतिहास उभा राहतो. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकडे लावून कॅन लटकवले. हीच गोणीची जुनी रीत, फक्त बैलाच्या जागी लोखंड आले. कापसाच्या या मुलखात पिंजाऱ्याची धनुकली लांब असल्यामुळे ती दांडीच्या अंगाने बांधावी लागे, आणि तिच्या तातीला धक्का लागणार नाही अशा बेताने पाय मारावे लागत. गारीगारवाल्याची लाकडी पेटी कॅरिअरवर आणि घंटा हँडलवर. धार लावणाऱ्याने तर सायकललाच यंत्र केले: स्टँडवर चढवायची, पट्टा सहाणेच्या चाकाला जोडायचा आणि बसल्या जागी पायडल मारायचे. पोस्टमनची खाकी थैली हँडलला अडकवलेली, कारण तिच्यात हात वारंवार घालावा लागतो. जंगलाच्या कडेच्या गावांतून जळणाची मोळी सायकलवर आली ती आडवी, आणि समोरून येणाऱ्या वाहनाला रस्ता अरुंद करीत. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा कॅरिअरच्या चिमट्यात दप्तर आले. जिच्या आजीने डोक्यावरून पाणी वाहिले, तिचे हे पहिले स्वतःचे वाहन.

या सर्वांना एक सामायिक साधन होते: जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. टायरमधली ट्यूब जोडाजोडीच्या पलीकडे गेली की दुकानदार ती लांब पट्ट्यांत कापून ठेवी. रबराची ही पट्टी ताणून बांधली की खड्ड्यातल्या आदळआपटीत सैल पडत नाही, पावसात कुजत नाही, दोरीसारखी मालाला कापत नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत. आज बाइकपॅकिंगच्या दुकानात ताणले जाणारे, न घसरणारे पट्टे बऱ्याच किमतीला मिळतात. त्यांचे गुण वाचताना आम्हांला दर वेळी पंक्चरच्या दुकानातला खिळ्याला टांगलेला तो काळा झुबका आठवतो.

आता जगाकडे पाहू, कारण ही गोष्ट एकट्या वऱ्हाडाची नाही. १८९७ साली अमेरिकी लष्कराने एक प्रयोग केला. पंचविसाव्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक एका गोऱ्या लेफ्टनंटच्या हुकमतीखाली १४ जूनला माँटानातल्या फोर्ट मिसूला येथून सायकलवर निघाले आणि १९०० मैल तोडून २४ जुलैला सेंट लुईसला पोहोचले. त्यांच्या सायकलींची छायाचित्रे उपलब्ध आहेत. हँडलला घोंगडी आणि तंबूची वळकटी, दांडीखालच्या त्रिकोणात शिध्याची कडक पेटी. आज दुकानात विकली जाते ती मांडणी जवळपास हीच. प्रयोग यशस्वी झाला, सैनिकांना आगगाडीने परत पाठवले गेले आणि सायकलींची ही तुकडी पुढे मोडली. बाइकपॅकिंगच्या पूर्वजांत आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण ते हौशी प्रवासी नव्हते, लष्कराच्या प्रयोगातले सैनिक होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

१९५४ साली व्हिएतनामात दिएन बिएन फूच्या वेढ्यासाठी हजारो सायकली डोंगरातून ढकलीत नेण्यात आल्या. चालवण्यासाठी त्या नव्हत्याच. हँडलला बांबू बांधून ते लांब करायचे, सीटच्या जागी दुसरा बांबू उभा करायचा, आणि एका हाताने दिशा व दुसऱ्या हाताने तोल सांभाळत, दोनशे किलोंहून अधिक माल घेऊन सायकलच्या बाजूने चालायचे. फ्रेंच सेनापतींच्या हिशेबात ही वाहतूक धरलेलीच नव्हती. आणि १९९६ साली पी. साईनाथ यांचे जे पुस्तक आले, मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने परिचित असलेले, त्यात तेव्हाच्या बिहारमधील आणि आजच्या झारखंडमधील गोड्डा भागातला माणूस अडीचशे किलो कोळसा सायकलवर लादून मैलोन् मैल ढकलताना भेटतो. व्हिएतनाममधल्या त्या माणसांची कृती युद्धाच्या इतिहासात गेली. कोळसेवाल्याची कृती दारिद्र्याच्या अहवालात गेली. सायकलप्रवासाच्या इतिहासात दोघेही नाहीत.

मग त्या इतिहासात कोण आहे? थॉमस स्टीव्हन्स आहे. १८८४ साली तो उंच चाकाच्या सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला. त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, तंबूचे आणि अंथरुणाचेही काम देणारा एक रेनकोट आणि एक पिस्तूल एवढेच सामान होते. मुंबईचे सहा पारशी तरुण आहेत. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा आणि त्यांचे तीन सोबती १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघाले. त्यांतले हे तिघे साडेचार वर्षांनी, १८ मार्च १९२८ रोजी, जवळजवळ ७१ हजार किलोमीटरचा फेरा पुरा करून परतले. वणीपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी कल्पिलेली 'भारत जोडो' यात्रा आहे. १९८५ च्या डिसेंबरात तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या व्याधीमुळे बाबांना बसता येत नसे, म्हणून ते वाहनात आडवे होऊन त्यांच्यासोबत गेले. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. त्यांतला बराच भाग एकटीने, आपले सामान आपल्याच सायकलवर घेऊन केला. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, तरी त्या थांबल्या नाहीत. या सर्वांविषयी आम्हांला आदर आहे.

आपल्या प्रवासवर्णनांत ओझ्याला जागा मिळाल्याचे एक उत्तम उदाहरण मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, वाटेत लुटले गेले, हाती आलेला पैसा पुन्हा पुन्हा गमावून बसले. तरीही परतताना त्यांनी आईवडिलांच्या स्नानासाठी गंगोदकाची कावड खांद्यावरून कोकणात आणली. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक आपण बंडाच्या हकिकतीसाठी वाचतो. आमच्या मते ते एका ओझ्याचेही पुस्तक आहे. माणूस काय टाकून देतो आणि काय शेवटपर्यंत टाकत नाही, यावरून तो कोण आहे ते कळते.

येथे आमच्या मुद्द्यापाशी आलो. सायकलवरच्या ओझ्यांचे दोन प्रकार आहेत: जे घरी ठेवून येण्याची मुभा असते ते, आणि जे ठेवून येता येत नाही ते. बाइकपॅकिंगची सारी कला पहिल्या प्रकाराची आहे. तिचा मुख्य प्रश्न 'काय वगळावे' हा असतो. दातांच्या ब्रशची दांडी अर्धी कापणारे प्रवासी आहेत, आणि त्यांना आम्ही हसणार नाही, कारण चढावर शंभर ग्रॅमही कळतात. दूधवाल्यापुढे, मोळीवाल्यापुढे, कोळसेवाल्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. त्याचा प्रश्न 'आणखी किती बसेल' हा असतो, कारण खेपेतले प्रत्येक किलो म्हणजे त्याची मजुरी. दोघांची गाठ सारखीच पक्की, दोघांना तोलाचे नियम तेच, पण एकाचे ओझे हलके होण्याकडे झुकते आणि दुसऱ्याचे जड होण्याकडे.

या भेदावरून कुणाला अपराधी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. हौशी प्रवाशाने लाजावे असे काही नाही, आणि कष्टकऱ्याच्या ओझ्यात काव्य शोधणे हे तर त्याहून वाईट. दोनशे किलो ढकलणाऱ्या माणसाच्या कौशल्याचे कौतुक करून त्याच्या मजुरीचा प्रश्न मिटत नाही. मात्र कौशल्याची नोंदच न ठेवणे हाही अन्यायच. आपण त्याचे कष्ट पाहतो, ज्ञान पाहत नाही, आणि मग तेच ज्ञान परदेशी शिक्का मारून परत आले की विकत घेतो.

यवतमाळच्या मातीत फिरायचे म्हटले की हे ज्ञान किती स्थानिक असते ते ध्यानात येते. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा सर्वांत जड वस्तू पाणी हीच असते. पाच लिटर म्हणजे पाच किलो, तंबूपेक्षा अधिक. ते दांडीखालच्या त्रिकोणातच हवे. पावसाळ्यात काळी माती टायरला लपेटते, मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट बुजवून टाकते आणि चाक फिरेनासे होते. तेव्हा सायकल खांद्यावर घ्यावी लागते, म्हणून ज्या पिशव्या घाईत सोडता येत नाहीत त्या येथे निरुपयोगी. बांधाच्या कडेला बाभळीचे काटे आणि वाटेवर सराटे. पंक्चरचे ठिगळ, सोल्युशन आणि पंप पिशवीच्या तळाशी गेले, तर अख्खे बिऱ्हाड रस्त्यावर मांडावे लागते. डिसेंबरात पैनगंगेच्या खोऱ्यात रात्री गारठा पडतो, म्हणजे दिवसा ओझे वाटणारी घोंगडी रात्री लागतेच. टिपेश्वरच्या बाजूला रानाची कड आली की उघड्यावर मुक्काम नाहीच, कारण ते वाघांचे अभयारण्य आहे. यांतले बहुतेक नियम कोणत्याही परदेशी पुस्तकाच्या आधी येथल्या सायकल दुकानदाराला, गुराख्याला आणि फेरीवाल्याला माहीत होते.

ते जपून ठेवण्याची घटका आता आली आहे, असे आम्हांला वाटते. तांड्यांतल्या ज्या म्हाताऱ्यांनी आपल्या आजोबांकडून लदणीच्या गोष्टी ऐकल्या, ती पिढी संपत आली आहे. २०२० च्या जून महिन्यात, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले आणि पुढे ती गाडीही थांबली. दूध आता मोटारसायकलवरून येते, पिंजाऱ्याची धनुकली क्वचित दिसते. जुन्या सायकली जपणारी माणसे आपल्याकडे आहेत. पुण्यात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही तेथे पाहायला मिळते. सायकल जपता येते. तिच्यावरची गाठ मात्र मारणाऱ्याच्या हातात असते, आणि ती विचारून, पाहून, लिहून घ्यावी लागते. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एखादा जाणता दुकानदार, एखादा थकलेला फेरीवाला भेटेल. त्याला 'किती वाहत होता' एवढेच न विचारता 'कसे बांधत होता' हेही विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाला आकडा मिळतो, दुसऱ्याला विद्या.

या जिल्ह्यात सायकलने फिरायला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पाऊस सरलेला असतो, चिखल वाळलेला असतो, शेतात कापूस फुटलेला असतो आणि ऊन अंगावर घेता येते. पिशव्या भरून प्रवासी बाहेर पडतात ते याच दिवसांत. याच दिवसांत तांड्यांवरून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघणारे ट्रकही भरले जातात. भांडी, पिठाचा डबा, अंथरुणे, लहान मुले, कोयते, कधी एखादी शेळी, आणि बाजूला बांधलेली सायकल. जड वस्तू तळाला, अंथरुणे वर, लागणारे हाताशी. पाच-सहा महिन्यांचा संसार तासाभरात नीट बसवला जातो, आणि वाटेत काही हलत नाही. पुसद-दिग्रसच्या रस्त्यावर हे दोन्ही प्रवासी एकमेकांना ओलांडून जातात. सायकलवाल्याने पाय टेकवून तो ट्रक भरताना थोडा वेळ पाहावे. बांधण्याविषयी त्याला जे जाणून घ्यायचे आहे, त्यातले बरेच तेथे समोर घडत असते.